वानप्रस्थ, वृद्धनिवास आणि अपत्यधर्म

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही अवघडलेली शांतता पसरते. शेजारपाजारचे काय म्हणतील, नातेवाईक तोंडावर नाही तरी पाठीमागे काय बोलतील, या विचाराने सुशिक्षित माणसेही विषय बदलतात. व्यासपीठावर तर हा शब्द हमखास टाळ्या घेणारा. पाश्चात्त्य भोगवादाचे अपत्य, कुटुंबव्यवस्थेच्या विनाशाचे चिन्ह अशी त्याची संभावना केली की वक्त्याचे काम भागते. परंतु टाळ्यांचा आवाज विरल्यावर सभागृहातून घरी परतणाऱ्या पन्नाशीतल्या कार्यकर्त्याचा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. ऐंशी वर्षांच्या आईला गावच्या वाड्यात एकटे ठेवायचे, की शहरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत आणून दिवसभर कुलूपबंद ठेवायचे? या प्रश्नाला घोषणेने उत्तर मिळत नाही. म्हणूनच त्याचा शांतपणे आणि आपल्या परंपरेच्या प्रकाशात विचार करणे आवश्यक आहे.

राजगुरुनगरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या जन्माने पुनीत झालेले हे भीमाकाठचे खेड. पुण्यापासूनचे अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एका बाजूला ज्ञानोबारायांची आळंदी, दुसऱ्या बाजूला भीमाशंकर. याच तालुक्यातील चास हे बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर आणि कडूस हे रामभाऊ म्हाळगी यांचे गाव. असा हा परिसर गेल्या तीन दशकांत आमूलाग्र बदलला. चाकणला औद्योगिक वसाहत उभी राहिली; बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आले. कनेरसर, निमगाव, दावडी परिसरातील जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादित झाल्या. रोजगार आला, पैसा आला, रस्ते आले. या समृद्धीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि तिच्याबरोबर कुटुंबाची घडीही बदलली, याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

ज्या पिढीने बैलगाडीतून मोशी-भोसरीचा बाजार गाठला, तिची मुले पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरीला लागली आणि नातवंडे हिंजवडीमार्गे परदेशी गेली. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, पाळ्यांमध्ये काम करतात. चाकणच्या वाहतूककोंडीत त्यांचे रोजचे दोन-तीन तास जातात. गावातील घर मोठे, पण त्यात राहणारे माणूस एकच. संध्याकाळी दिवा लावायचा, दूरदर्शनसमोर बसायचे आणि नऊ वाजता दाराला आतून कडी घालायची. रात्री-अपरात्री स्नानगृहात पाय घसरला, तर सकाळी दूधवाला येईपर्यंत कोणाला कळणारही नाही. हे चित्र केवळ खेडचे नाही. मंचर, नारायणगाव, सासवड, वाई अशा कोणत्याही महानगरालगतच्या गावात ते दिसेल.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतातील दर पाच व्यक्तींमागे एक व्यक्ती साठीच्या पुढची असेल. म्हणजे आज जो प्रश्न काही घरांचा वाटतो, तो उद्या प्रत्येक घराचा होणार आहे.

एका छपराखाली राहणे म्हणजेच सेवा का?

वृद्धनिवासाला विरोध करणारा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा असतो. आई-वडील मुलाच्या घरात आहेत, म्हणजे ते सन्मानाने आहेत, असे हे गृहीतक. महाभारताचे आश्रमवासिक पर्व या गृहीतकाला छेद देते. युद्धानंतर धृतराष्ट्र आणि गांधारी पंधरा वर्षे पांडवांच्या आश्रयाने हस्तिनापुरातच राहिले. युधिष्ठिराने त्यांच्या आदरसत्कारात काहीही उणे पडू दिले नाही. पण त्याच राजवाड्यात भीम वृद्ध राजाला ऐकू जाईल अशा बेताने आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत असे आणि मेलेल्या पुत्रांच्या आठवणीने धृतराष्ट्राचे काळीज विदीर्ण होत असे. युधिष्ठिराला याचा पत्ताही नव्हता. अखेर धृतराष्ट्राने वनात जाण्याची अनुज्ञा मागितली. युधिष्ठिर व्याकूळ झाला, नको म्हणाला. व्यासांनी समजूत घातल्यावर त्याने होकार दिला. पुत्रांनी परोपरीने विनवूनही कुंती त्यांच्याबरोबर गेली.

या कथेतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वृद्ध मंडळी वनात गेली म्हणून पांडवांनी सुटकेचा निःश्वास टाकला नाही. आईच्या आठवणीने त्यांचे राज्यकारभारात मन लागेना. अखेर सगळा परिवार आणि नगरजन घेऊन ते आश्रमात गेले आणि तेथे वृद्धांच्या सहवासात राहिले. जाण्याचा निर्णय वृद्धांचा होता, दुःख मुलांचे होते, आणि अंतर पडले तरी नाते तुटले नाही. या तीन गोष्टी ज्या स्थलांतरात असतात, ते स्थलांतर आपल्या परंपरेला परके नाही. ज्यात त्या नसतात, तो परित्याग होय. मग तो वृद्धाश्रमाच्या दारात घडो अथवा घरच्याच मागच्या खोलीत.

आपल्या आश्रमव्यवस्थेने वानप्रस्थ हा आयुष्याचा स्वतंत्र टप्पा मानला. संसाराच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती देऊन, तिच्या कारभारात ढवळाढवळ न करता समवयस्कांच्या सहवासात, चिंतनात आणि समाजाच्या उपयोगी पडत राहणे, असा त्याचा आशय होता. नानाजी देशमुखांनी साठीत सक्रिय राजकारण सोडून गोंडा आणि पुढे चित्रकूट येथे ग्रामविकासाच्या कामाला वाहून घेतले, ते या वानप्रस्थाचे आधुनिक रूप. २०१० मध्ये चित्रकूटलाच त्यांनी देह ठेवला. घरापासून दूर असलेले त्यांचे वार्धक्य एकाकी होते, असे कोण म्हणेल? वार्धक्याला एकाकी करते ती प्रयोजनशून्यता. केवळ जागा बदलल्याने ती येत नाही आणि केवळ जागा न बदलल्याने ती टळतही नाही.

दोन टोकांमधील पर्याय

निराधारांसाठी आश्रयस्थाने महाराष्ट्राला नवीन नाहीत. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून निराधार वृद्धांना आधार देत आली आहे. राज्यात युतीचे शासन असताना १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली. पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनने पानशेतजवळ आंबी येथे वृद्धांसाठी काम उभे केले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पाषाण येथे ‘आथश्री’ हा केवळ ज्येष्ठांसाठीचा गृहप्रकल्प उभा राहिला आणि पुढे पुणे परिसरात अशा वसाहतींची मालिकाच सुरू झाली. तळेगाव दाभाडेसारख्या गावांपर्यंत ती पोहोचली आहे.

या दोन प्रकारांत मूलभूत फरक आहे. वृद्धाश्रम हा प्रामुख्याने ज्यांना कोणी नाही त्यांचा आसरा. ज्येष्ठांची वसाहत हे स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे देवघर आणि स्वतःच्या दाराची किल्ली असलेले घर. मदतीची हाक ऐकणारे कोणीतरी तेथे जवळ असते, भोजनाची सोय असते, समवयस्क शेजार असतो. हा फरक आपण आपल्या भाषेतही पाळला पाहिजे. मध्यमवर्गातील अनेक वृद्ध पती-पत्नी आज आपण होऊन अशा वसाहतीत राहायला जातात आणि मुलांवरचा राग म्हणून जातात असे मुळीच नाही. त्यांना ‘टाकलेले’ म्हणणे हा त्यांच्याच निर्णयशक्तीचा अवमान आहे.

अर्थात या वसाहतींचे अंधानुकरणही नको. त्या महाग आहेत. कारखान्यातील कामगाराच्या किंवा निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या कुटुंबाला त्यातील अनेक परवडणाऱ्या नाहीत. जाहिरातीतील हिरवळ आणि हसरे चेहरे पाहून आयुष्याची पुंजी गुंतविणे हा शहाणपणा नव्हे. त्यामुळे निर्णय कसा घ्यावा, याचा विचार जाणे योग्य की अयोग्य या विचाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

निर्णय कोणाचा?

पहिले सूत्र असे, की निर्णय आई-वडिलांचा असला पाहिजे. मुलांनी आपसात बैठक घेऊन ठरवायचे आणि मग ‘आप्पा, तुमच्या भल्यासाठीच आहे’ असे सांगायचे, ही पद्धत अन्यायाची आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालविले, मुलामुलींची लग्ने ठरविली, त्याला स्वतःच्या निवासाबद्दल मत विचारले जाऊ नये? म्हणून हा विषय संकट कोसळण्यापूर्वी, प्रकृती ठीक असताना निघाला पाहिजे. खुब्याचे हाड मोडल्यावर रुग्णालयाच्या व्हरांड्यात घेतलेला निर्णय बहुधा घाईचाच असतो.

या चर्चेत लेकीसुना समान वाटेकरी असाव्यात. सेवेचा सगळा भार सुनेच्या डोक्यावर ठेवून कुटुंबसंस्थेचा गौरव करणे हा दांभिकपणा आहे. सासूबाईंना उठविणे-बसविणे, औषधे, पथ्यपाणी हे सारे नोकरी सांभाळून करणाऱ्या स्त्रीची दमछाक कोणाला दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी ती बोलली तर दोष तिलाच. ‘मातृदेव’ म्हणविणाऱ्या मुलाने आईची शुश्रूषा स्वतःच्या हाताने किती वेळा केली, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा.

दुसरे सूत्र, आधी काही दिवस राहून पाहावे. पंधरा दिवस किंवा महिनाभर पाहुणे म्हणून राहता येते का, याची चौकशी करावी. त्या मुक्कामात मुलांनी जाहिरातीचे पत्रक बाजूला ठेवून तेथील रहिवाशांशी बोलावे. जेवणाची चव, रात्री घंटा वाजविल्यावर कोण येते आणि किती वेळात, जवळचे रुग्णालय किती अंतरावर, हे प्रश्न तेथेच सुटतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक कुटुंबे विचारतच नाहीत. उद्या आई अंथरुणाला खिळली किंवा तिची स्मृती गेली, तर ही संस्था तिला ठेवून घेणार का? अनेक ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. पंच्याऐंशीव्या वर्षी पुन्हा जागा शोधण्याची वेळ येऊ नये, यासाठी हे आधीच आणि लेखी ठरले पाहिजे.

व्यवहार आणि कायदा

तिसरे सूत्र व्यवहाराचे. घर मालकीचे, दीर्घ भाडेपट्ट्याचे की अनामत रकमेवर केवळ राहण्याचा हक्क, हे करारात स्पष्ट असावे. अनामत रक्कम परत केव्हा व किती मिळणार, मासिक शुल्क दरवर्षी किती वाढणार, पती-पत्नींपैकी एकाच्या निधनानंतर दुसऱ्याचा हक्क कायम राहणार का, हे वाचल्याशिवाय सही करू नये. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. रुंद दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, आधाराचे कठडे, उद्वाहन, आपत्कालीन सूचनेची सोय यांचा त्यात समावेश आहे. नव्या प्रकल्पात घर घेताना त्यावर बोट ठेवून विचारणा करणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.

याहून नाजूक विषय गावाकडील मालमत्तेचा. ज्या तालुक्यात जमिनीच्या किमती गगनाला भिडल्या, तेथे पितृप्रेमालाही कधी कधी सातबाऱ्याचा वास येतो, हे कटू असले तरी सत्य आहे. वडिलांना वसाहतीत पोहोचविल्यावर आठवड्याभरात वाड्याच्या विक्रीची बोलणी सुरू होत असतील, तर त्या स्थलांतराला सेवा म्हणता येणार नाही. आई-वडिलांनीही भावनेच्या भरात सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे होऊ नये. संसदेने २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा केला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. प्रांताधिकारी हे त्यातील न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. म्हणजे खेड तालुक्यातील वृद्धाला दाद मागण्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववण्याची तरतूद त्यात आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ अन्वये परत मिळू शकते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधील एका निकालात या अटीचे महत्त्व अधोरेखित केले, तर जानेवारी २०२५ मधील निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे, अशी भूमिका घेतली.

कायद्याची पायरी चढावी लागणे ही कुटुंबाची शोकांतिकाच. पण कायदा माहीत असणे ही शोकांतिका नव्हे, ती सावधगिरी आहे. त्याबरोबर निवृत्तिवेतनाचे बँक खाते, हयातीचा दाखला, नामनिर्देशन, शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव ही कामे मुलांनी स्वतः उभे राहून करून द्यावीत. सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचा प्रारंभ केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केला. हे कार्ड अजून काढले नसेल तर आधी काढावे.

पोहोचविल्यानंतर

सामान उतरवून झाले म्हणजे काम संपले, असे नाही. खरे तर ते तेथून सुरू होते. उतारवयात जागा बदलल्याचा ताण मोठा असतो. पहिले काही आठवडे झोप लागत नाही, दिशा कळत नाहीत, चिडचिड होते. म्हणून नव्या खोलीत सगळेच नवे असू नये. देवघरातील टाक, जुनी आरामखुर्ची, पितळी तांब्या, लग्नातील छायाचित्र आणि आईची पोथी आधी तेथे पोहोचली पाहिजे. बिछान्याची दिशाही जुन्या खोलीसारखी ठेवता आली तर ठेवावी. किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींनी परक्या भिंती आपल्या होतात.

महिन्याला बँकेतून पैसे वळते करणारा मुलगा आपले कर्तव्य झाले असे मानत असेल, तर तो स्वतःची फसवणूक करीत आहे. भेटीचा दिवस ठरलेला असावा आणि तो पाळला जावा. वडिलांचे दिवस मग त्या वारावरून मोजले जातात. नातवंडांनी सुट्टीतील काही दिवस तेथे काढावेत. गौरी-गणपती, दिवाळी, कुलदैवताचा उत्सव यांसाठी आई-वडिलांना सन्मानाने घरी आणावे आणि घरातील निर्णय त्यांच्या विचाराने घ्यावेत. निमगावच्या खंडोबाची यात्रा ज्यांनी आयुष्यभर चुकविली नाही, त्यांना त्या दिवशी तेथे नेणे हे दहा हजारांच्या भेटवस्तूपेक्षा मोलाचे आहे. पुत्रधर्माची कसोटी येथे लागते. आणि हो, कन्याधर्माचीही. आज कितीतरी घरांत आई-वडिलांची खरी काळजी मुलीच घेतात.

खेडच्या वृद्धांना खेड सोडावे लागू नये

या विषयाची आणखी एक बाजू समाजाशी निगडित आहे. राजगुरुनगरच्या आजोबांना पाषाणला किंवा तळेगावला का जावे लागावे? सिद्धेश्वराचे मंदिर, भीमेचा घाट, शाळेतील जुने विद्यार्थी, भजनी मंडळ हे सारे सोडून सत्तरी ओलांडल्यावर नवी माणसे जोडायची, ही शिक्षा कशासाठी? ज्येष्ठांची वसाहत उभी राहायची असेल तर ती त्यांच्याच मातीत राहिली पाहिजे. त्याहून आधी गरज आहे ती दिवसभराच्या विरंगुळा केंद्राची. मुलगा-सून सकाळी कामावर जाताना आई-वडिलांना तेथे सोडतील, दुपारचे जेवण, वाचन, भजन, फिजिओथेरपी तेथे होईल आणि संध्याकाळी सगळे एकत्र घरी परततील. एकत्र कुटुंब टिकविण्याचा याहून व्यवहार्य मार्ग दिसत नाही. अनेकांना मग वसाहतीची गरजही भासणार नाही.

यासाठी पैसा कोठून येणार? उत्तर चाकणलाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या अनुसूची ७ मध्ये वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांसाठीची दिवसभराची केंद्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या भूमीने कारखान्यांना जमीन दिली, जिच्या मुलांनी तेथे घाम गाळला, त्या भूमीच्या वृद्धांसाठी या निधीचा वाटा मागणे ही याचना ठरत नाही. मात्र निधी मागायला समोर विश्वासार्ह संस्था लागते, हिशेब लागतात, रोज येणारे स्वयंसेवक लागतात. तेथे आपली परीक्षा आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, सहकारी बँका, देवस्थाने, गणेश मंडळे आणि आपल्या परिवारातील संस्था एकत्र बसल्या, तर हे काम अशक्य नाही.

संघ-परिवारातील कार्यकर्त्यांवर याची जबाबदारी दुहेरी आहे. आपल्यातील अनेक तरुण घरदार सोडून प्रचारक म्हणून बाहेर पडले, पूर्णवेळ कामात उतरले. कोणाच्या तरी मुलाने राष्ट्रकार्याला आयुष्य दिले आणि त्याचे आई-वडील गावी थकले. त्यांचा सांभाळ भावंडांवर सोडून आपण मोकळे होणार का? शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान मिळाले आहे. त्याचा अर्थ आठवड्यातून एकदा एकत्र भोजन एवढाच राहू नये. शाखेच्या परिसरात एकटे राहणारे वृद्ध किती, त्यांच्या औषधांची आणि रात्री-अपरात्रीच्या मदतीची व्यवस्था काय, याची नोंद प्रत्येक वस्तीत असली पाहिजे. दोन तरुणांनी आठवड्यातून दोनदा दार वाजवून ‘काका, कसे आहात?’ एवढे विचारले, तरी त्या घरातील अंधार थोडा कमी होतो.

राजगुरुनगरवरून वाहणारी भीमा पुढे पंढरपूरला पोहोचते आणि चंद्रभागा होते. तिच्या वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे. आई-वडिलांच्या सेवेत मग्न असलेल्या या भक्ताने दारी आलेल्या देवालाही विटेवर थांबायला लावले, ही महाराष्ट्राची श्रद्धा. आपली नोकरी, आपल्या बैठका, आपले दौरे यांपैकी काहीही त्या देवापेक्षा मोठे नाही. आई-वडील वाड्यात राहोत, आपल्या सदनिकेत राहोत वा ज्येष्ठांच्या वसाहतीत, त्यांच्यासाठी आपण काय थांबवून ठेवतो, यावरून आपला धर्म ओळखला जाईल. येत्या आठवड्यात आपल्या घरी आणि आपल्या वस्तीत या विषयाला मोकळेपणाने तोंड फुटावे. पहिला शब्द मात्र आई-वडिलांचा असू द्यावा.